शेजारच्या अव्वा एकट्या राहतात, त्यांना न दुखवता लक्ष कसं ठेवू?

शिलाईवाली

नमस्कार. जरा लांबलचक लिहितेय, पण अव्वांचा स्वभाव सांगितल्याशिवाय माझी अडचण तुम्हाला कळायची नाही.

मी सोलापुरात पूर्व भागात राहते, यंत्रमागांच्या गल्लीत. माहेर मोहोळकडचं. घरी शाळेच्या गणवेशांची शिलाई करते. कटिंग केलेले गठ्ठे येतात, ते शिवून परत पाठवायचे. मशीन खिडकीपाशी ठेवलंय, त्यामुळं समोरचं दार दिवसभर डोळ्यांसमोर असतं. त्या दारात अव्वा राहतात, एकट्या. अव्वा म्हणजे तेलुगूत आजी. आधार कार्डावर वय ७६, त्या म्हणतात खरं त्याहून जास्त आहे. जन्मभर विड्या वळल्या. मालक मागावर होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा भिवंडीत, तोही मागावरच. मुलगा चांगला आहे, हे आधीच सांगते, म्हणजे कुणी त्याच्यावर घसरणार नाही. पैसे पाठवतो, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथाला न चुकता येतो, दर वेळी "चल माझ्यासोबत" म्हणतो. अव्वाच जात नाहीत. एका खोलीत पाच माणसं, त्यात मी कुठं अंथरूण टाकू, असं विचारतात. त्यांचं काही चूक नाही.

आता पाण्याचं. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि वेळेचा भरवसा नाही. कधी रात्री एकला, कधी पहाटे. पाणी सुटलं की सगळी गल्ली उठते, जो तो आपल्या हौदाच्या मागं. अव्वा घागरीनं भरतात. नळ अंगणात, खाली शहाबादी फरशी, तिच्यावर शेवाळ. गेल्या पाण्याच्या पाळीनंतर सकाळी त्यांच्या दंडावर काळंनिळं दिसलं. विचारलं तर म्हणाल्या, दाराला धडकले. संध्याकाळी पलीकडच्या पोरानं सांगितलं की अव्वा रात्री नळापाशी घसरून पडल्या होत्या, बऱ्याच वेळानं कशाबशा उठल्या आणि त्याला म्हणाल्या, कुणाला सांगू नको.

मी म्हटलं, अव्वा, पाणी माझा मुलगा भरून देईल. तर म्हणाल्या, "माझे हात काय झडले काय?" आणि पुढं दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. भाजी दिली तर घेतात, पण वाटी रिकामी कधी परत येत नाही. शेंगा चटणी तरी येते, नाहीतर चार खारीक. फुकट काही घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम आहे.

मला त्यांची काळजी उगाच वाटत नाही. माझं पहिलं बाळंतपण सिझेरियन झालं, आई आजारी होती, माहेरी जाता आलं नाही. तेव्हा सव्वा महिना बाळाला रोज अंघोळ घालायला, शेक द्यायला अव्वा आल्या. न बोलावता.

एप्रिल ते जून आमचा शिलाईचा सीझन असतो. रात्री बारापर्यंत मान वर करायला फुरसत नसते. नेमकं त्याच वेळी सोलापूरचं ऊन पेटतं, आणि अव्वांच्या घरावर पत्रा आहे. दुपारी आत पाय ठेववत नाही. त्या मात्र दार लोटून आतच पडून असतात. पडल्या, चक्कर आली, तर कळणार कसं? आणि कळलं तर मी काय करायचं, आधी कुणाला फोन? मुलाला सांगू का पाण्याच्या रात्रीचं, की अव्वांचा शब्द पाळू? ज्यांच्या शेजारी असं कुणी आहे त्यांनी सांगा.

होटगी रोड

साधा वायफाय कॅमेरा त्यांच्या दारात आणि एक आत लावा. मुलगा भिवंडीतून मोबाईलवर बघेल, तुम्हाला खिडकीत बसायची गरज नाही. आमच्या अपार्टमेंटमध्ये दोन आजोबांकडं असं केलंय, छान चाललंय.

दाजीपेठ

कॅमेऱ्याला माझा विरोध आहे. आजोबांनी हो म्हटलं असेल तर त्यांची मर्जी. पण ज्या बाईनं पडल्याचं सुद्धा लपवलं, तिच्या घरात डोळा लावून ठेवायचा? साडी बदलताना, अंघोळीला जाताना तिनं कुठं लपायचं? एका खोलीचं घर असतं आमच्याकडं. शिवाय कॅमेऱ्यात पडलेली दिसली, तरी उचलायला भिवंडीहून कोण येणार? धावायचं शेवटी समोरच्या दारालाच.

ताई, मी पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातलाच. माझी आजी अगदी तुमच्या अव्वांसारखी होती. विडी वळणाऱ्या बायकांनी आयुष्यभर हजार विड्यांमागं मजुरी घेतली आहे. इतक्या विड्या, इतके पैसे. त्यातल्या खराब म्हणून काढून टाकलेल्या विड्यांवरून कारखान्याच्या ब्रँचमध्ये भांडल्या आहेत. त्यांचं घर त्यांच्या बोटांवर चाललं. अशा बाईला "तुम्ही बसा, आम्ही करतो" म्हटलं की तिला वाटतं, आपला हिशेब संपला. म्हणून मदत देऊ नका, काम द्या. तुमच्याकडं शिवून झालेल्या गणवेशांचे धागे कापायचं काम असतं ना? ते अव्वांना द्या. नगावर द्या, पैसे रोख मोजून द्या, उपकार केल्यासारखे जास्तीचे देऊ नका. आणि म्हणा, सीझन आहे, गठ्ठे बाहेर नेता येत नाहीत, दुपारी इथंच माझ्या घरी बसून करावं लागेल. तुमचं घर स्लॅबचं असेल तर दुपारची बारा ते चार ही वेळ त्या पत्र्याखालून आपोआप सुटल्या.

दुसरं, तुमचं तेलुगू मोडकं असलं तरी बोला. "तिन्नारा अव्वा?" एवढं विचारलं तरी पुरे. जेवलात का, हे शेजारणीनं शेजारणीला विचारायचंच असतं, त्याला कुणी चौकशी म्हणत नाही. आणि उत्तरावरून कळतं. आवाज खोल आला, "ऊं" करून सोडून दिलं, तर समजायचं काहीतरी बिनसलंय.

आणि सकाळचा सडा बघा. आमच्या बायका ताप असला तरी दारात सडा टाकून मुग्गू, म्हणजे रांगोळी, घालतात. रोजच्या वेळेला तो दिसला नाही तर हातातलं काम सोडून दार वाजवा.

निवृत्त सिस्टर

मी नर्स होते, नोकरीतली बरीच वर्षं अपघात विभागात गेली. शिलाईवाली ताई, तुम्ही दोन गोष्टी लिहिल्या, पाणी आणि पत्रा. दोन्हींवर नीट लिहिते, कारण म्हातारी माणसं आमच्याकडं येत ती बहुतेक या दोनच वाटांनी.

आधी पडण्याचं. पडलेल्या माणसाला काखेत हात घालून ओढून उठवू नका. सगळे तेच करतात. आधी खाली बसा, बोला, कुठं दुखतंय विचारा. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असेल, तर खुब्याचं हाड मोडल्याची शक्यता मोठी. उभं करू नका, आहे तिथं उशी-चादर द्या, ॲम्ब्युलन्सला १०८ लावा. डोक्याला मार लागला असेल आणि त्या रक्त पातळ करायची गोळी घेत असतील, तर वरून काही दिसत नसलं तरी दवाखान्यात न्यायचं. आतला रक्तस्राव काही तासांनी, कधी काही दिवसांनी डोकं वर काढतो.

आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. पडल्यावर माणूस किती वेळ जमिनीवर पडून राहिलं, यावर पुढचं बरंच ठरतं. रात्रभर एकाच कुशीवर पडून राहिलं की दाबलेले स्नायू खराब होतात, त्यातले घटक रक्तात उतरतात आणि किडनीला त्रास होतो. हाड न मोडता सुद्धा माणसं अशानं गंभीर झालेली मी पाहिली आहेत. म्हणून अव्वा पडू नयेत ही खटपट करायचीच, पण त्या पडल्या तर आपल्याला लवकर कळलं पाहिजे, याची व्यवस्था जास्त महत्त्वाची. दाजीपेठ यांनी सड्याचं सांगितलं ते फार चांगलं. त्याला संध्याकाळची एक खूण जोडा. सकाळी सडा टाकून नऊला पडल्या, तर दुसऱ्या सकाळपर्यंत कुणालाच कळणार नाही.

नळापाशी एक एलईडी बल्ब लावा. शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून घासून काढा, पावसाळ्यात पुन्हा घासावं लागेल. गोणपाट टाकू नका, त्याची घडी पडते आणि त्यातच पाय अडकतो. हे सगळं "गल्लीतली पोरं घसरतात" म्हणून केलं तर अव्वांना बोचणार नाही.

आता ऊन. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला सहज जातो आणि पत्र्याखाली भट्टीच असते. वय झालं की तहानेची जाणीव मंदावते, घामही कमी येतो. शरीरातलं पाणी कमी झालंय हे त्यांना स्वतःलाच कळत नाही. त्यात ब्लडप्रेशरसाठी लघवीची गोळी चालू असेल तर आणखी पाणी जातं. त्या गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. पण उन्हाळा लागताना डॉक्टरांना दाखवून मात्रा एकदा बघून घ्या. आणखी एक, बऱ्याच बायका मुद्दाम पाणी कमी पितात, कारण संडास बाहेर असतो आणि रात्री उठायची भीती वाटते. "पाणी प्या, पाणी प्या" म्हणून काही होत नाही. रात्री जायच्या वाटेवर उजेड आणि धरायला काहीतरी केलंत तर त्या आपण होऊन पितील. दुपारी ताक द्या, उन्हाळ्यात आंबील द्या. वाटीच्या बदल्यात वाटी येऊ द्या की, त्यात काय बिघडलं?

हे दिसलं तर थांबू नका: अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, जीभ कोरडी, उठवलं तरी गुंगीत. सावलीत आणा, अंगावर ओलं कापड, पंखा, आणि १०८. पूर्ण शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं.

चांगलं बोलणारं माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागलं तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. विसरभोळेपणा हळूहळू येतो, एका दिवसात येत नाही. एका दिवसात आला तर त्यामागं लघवीचा संसर्ग असतो, साखर उतरलेली असते, रक्तातलं सोडियम कमी झालेलं असतं, नाहीतर पक्षाघात. तोंड वाकडं झालंय का, दोन्ही हात वर राहतात का, शब्द अडखळतो का, हे बघा. आणि त्यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलं ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि डॉक्टर पहिला प्रश्न वेळेचाच विचारतात. सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यातच न्या, मध्ये दुसरीकडं वेळ घालवू नका.

१०८ ला पत्ता सांगताना नुसता घर नंबर सांगू नका. जवळचा चौक, देऊळ, कारखाना सांगा आणि एका पोराला चौकात उभं करा.

डोळे तपासले आहेत का त्यांचे?

मुरारजी पेठेचा

मी त्या भिवंडीच्या मुलाच्या जागेवर होतो, म्हणून लिहितोय. नोकरी पुण्यात, वडील सोलापुरात एकटे. गिरणी कामगार. गिरणी बंद पडली तरी भोंग्याच्या वेळेला उठायचे. पुण्याला आले की आठ दिवसांत परत जायची घाई. मी हुतात्मा एक्स्प्रेसनं निघालो तरी पोचायला चार तास. शेजारचे काका दहा पावलांवर.

पाण्याच्या रात्रीचं मुलाला सांगा. अव्वांचा शब्द मोडतोय असं वाटत असेल तर आधी त्यांना म्हणा, "मी सांगणार आहे, लपवून नाही सांगत." पण सांगा. आम्हाला दूर बसून रोज वाटत असतं की आपल्याला सगळं चांगलं चांगलंच कळवलं जातंय. वडील फोनवर दर वेळी "मजेत" म्हणायचे. तो शब्द मी नंतर नंतर ऐकूनच घेत नसे, सरळ काकांना फोन करायचो. काका सांगायचे, आज दोन भाकऱ्या खाल्ल्या, आज एकच, आज कट्ट्यावर बसले नाहीत. एवढं कळलं की त्या दिवशी झोप लागायची.

मुलाकडून एक गोष्ट मात्र मागून घ्या. मी काकांना लिहून दिलं होतं, सहीसकट: "वडिलांना काही झालं तर माझ्या फोनची वाट न बघता दवाखान्यात न्या. निर्णय तुमचा, खर्च माझा." सोबत थोडे पैसे त्यांच्याकडं ठेवले होते. वडिलांनाही ते दाखवलं होतं. शेजारी कचरतो तो इथंच. मध्यरात्री रिक्षा बोलवावी की नको, मुलगा काय म्हणेल, बिल कोण देईल. तो कागद असला की विचार करायला थांबावं लागत नाही. वडिलांना चक्कर आली त्या रात्री काकांनी आधी रिक्षा बोलावली, मला फोन रिक्षातून केला. त्यानंतर वडील आणखी काही वर्षं राहिले, आणि आपल्याच घरात राहिले.

खूण आमच्याकडं पेपरची होती. वडील सकाळी पेपर वाचायचे आणि नऊच्या आत काकांकडं नेऊन द्यायचे. पेपर एकच, दोघांत पैसे निम्मे. नऊ वाजून गेले की काका यायचे, "पेपर कुठाय?" म्हणत. वडिलांना कधी वाटलं नाही की आपल्यावर नजर आहे. उलट काकांना पेपर विकत घेणं परवडत नाही, आपण देतो, असंच त्यांना वाटायचं.

जुना कॅशिअर

सगळं बरोबर आहे, पण पैशाकडं कुणी बघितलेलं नाही. मी बँकेत काउंटरवर आयुष्य काढलं, तेवढ्यापुरतं लिहितो.

ताई, अव्वांचं एटीएम कार्ड आणि पिन हातात घेऊ नका, त्यांनी प्रेमानं दिलं तरी. सोनं सांभाळायला घेऊ नका. त्यांच्यासाठी औषध, रेशन काही आणलंत तर वहीत तारीख, रक्कम आणि खाली त्यांचा अंगठा किंवा सही. तुमच्यावर संशय येईल म्हणून नाही. उद्या भावकीतला कुणी तिसराच उगवतो आणि नको ते बोलतो, आणि मग चांगले शेजारी दार लावून घेतात. तसं होऊ नये म्हणून ही वही. घराची जादा किल्लीही एकट्या तुमच्याकडं नको. दोन घरांत माहीत असू दे, आणि मुलाला सांगून.

७० च्या पुढच्या ग्राहकांना साध्या कामांसाठी बँकेनं घरपोच सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच सांगितलेलं आहे. शाखेत जाऊन नाव नोंदवून घ्या.

७० पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, योजनेतल्या दवाखान्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, आधार कार्डावर निघतं. अव्वा आजारी पडायच्या आधी काढून ठेवा, त्या रात्री कागद गोळा करत बसायला नको.

फोनवर कुणी पोलीस किंवा बँकवाला म्हणून धमकावत असेल, "डिजिटल अटक" वगैरे, तर फोन ठेवायचा. अशी अटक कायद्यात नाहीच. पैसे गेलेच तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. एकट्या राहणाऱ्या माणसाला असे फोन जास्त घाबरवतात, कारण बाजूला विचारायला कुणी नसतं. अव्वांना एवढंच सांगून ठेवा, की असा फोन आला तर तो हातात घेऊन सरळ समोरच्या दारात यायचं.

पोलीस ठाण्यातही कळवा. ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या कायद्याखालच्या नियमांत, हद्दीत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठाण्यानं ठेवायची आहे. नाव घालून घ्या. कायद्याचं किंवा योजनांचं काही विचारायचं असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. तातडीचं असेल तर तिथं नाही, ११२ किंवा १०८.

गल्लीचं नाव इथं लिहिलं नाहीत ते चांगलं केलंत. व्हॉट्सॲप ग्रुपवरही "या घरात बाई एकटी असते" असं कुणाला टाकू देऊ नका.

शिलाईवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगते.

धाग्यांच्या कामाला अव्वा तयार झाल्या! दर त्यांनीच ठरवला, मी सांगितलेल्यापेक्षा नगामागं थोडा जास्त, आणि मी घासाघीस केली तेव्हा त्यांना बरं वाटलं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. जेवून साडेबाराला येतात, उन्हं कलल्यावर जातात. आमचा स्लॅब आहे, कूलर आहे. कातरी चालवताना बोटं बघत राहावं अशी. मधून मधून माझ्या पोरीला तेलुगू गाणी शिकवतात, बतुकम्माच्या सणाची.

नळापाशी बल्ब लागला, फरशी घासली. पाण्यासाठी असं केलंय की आमचा हौद भरला की त्यातूनच पाइपनं त्यांच्या अंगणातलं बॅरल भरायचं. बॅरल विटांच्या चौथऱ्यावर चढवलं आणि खाली तोटी बसवली, म्हणजे वाकून घागर उचलायला नको. त्यांनी अट घातली, लाइट बिलाला महिन्याला पन्नास रुपये द्यायचे. मी घेतले. दाजीपेठ दादा, तुमचं लिहिणं वाचलं नसतं तर मी ते पैसे नक्की परत केले असते, आणि अव्वांनी बॅरल उलटं करून ठेवलं असतं.

मुलाशी बोलले, अव्वांच्या समोरच, स्पीकरवर. आधी दोघांत थोडं वाजलं. मग तो रडला. त्यानं लिहून देतो म्हटलंय, आता गावी येईल तेव्हा सहीचा कागद आणणार आहे. संध्याकाळच्या खुणेचं, त्या दिवाबत्ती झाली की खिडकीतून मला हाक मारतात, मीही मारते.

आता दोन प्रश्न. अव्वांची विडी कामगारांची पेन्शन आहे, हजार रुपयांच्या आसपास. हयातीच्या दाखल्याला त्यांच्या बोटांचे ठसेच उमटत नाहीत, मशीन परत परत नाकारतं. तंबाखू आणि कातरीनं बोटं पार गुळगुळीत झालीत. मागच्या वेळी फार हेलपाटे झाले. आणि सिस्टर, डोळ्यांचं तुम्ही विचारलंत. निळ्या शर्टावरचा पांढरा धागा त्या बरोबर कापतात, पांढऱ्या शर्टावरचा पांढरा मात्र राहून जातो. हातानं चाचपडून शोधतात. हे मोतीबिंदू असेल का?

जुना कॅशिअर

ठशांवर अडू नका. जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सोयीत चेहरा ओळखून दाखला करायची सोय आहे, साध्या अँड्रॉइड फोनवर होतं. आधार, पेन्शन ऑर्डरचा (पीपीओ) नंबर, बँक खात्याचा नंबर आणि आधारला जोडलेला मोबाईल जवळ ठेवा. चेहऱ्यावर उजेड नीट पडेल असं दारात बसवा, फोन सांगेल तेव्हा डोळ्यांची उघडझाप करायची. तुम्हाला जमत नसेल तर पोस्टमन घरी येऊन करून देतो, पोस्टात सांगून ठेवा. आणि अव्वांसारख्या ईपीएफच्या पेन्शनला नोव्हेंबरचीच वाट बघायची गरज नाही, वर्षात कधीही करा, त्या तारखेपासून वर्षभर चालतो. नोव्हेंबरच्या गर्दीत अव्वांना रांगेत उभं करू नका.

दाजीपेठ

बॅरलची बातमी वाचून बरं वाटलं. नारळी पौर्णिमेला मुलगा येईल तेव्हा त्याला गल्लीतल्या दोन-तीन पोरांशी ओळख करून द्यायला सांगा. रात्री उचलून रिक्षात ठेवायला तीच लागतात.

निवृत्त सिस्टर

पांढऱ्यावर पांढरं न दिसणं हे मोतीबिंदूचं नेहमीचं लक्षण आहे. रंगातला फरक पुसट होतो, पायरीची कड दिसत नाही, ओली फरशी आणि कोरडी फरशी सारखीच वाटते. त्या रात्रीच्या पडण्यात शेवाळाबरोबर डोळ्यांचाही वाटा असू शकतो. तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण लवकर दाखवा. सिव्हिलमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं. आधी साखर आणि ब्लडप्रेशर बघतात, तेव्हा चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या. डॉक्टरांना सगळ्या दाखवा, लघवीच्या गोळीचं तेव्हाच विचारून घ्या.

ऑपरेशन झाल्यावर काही आठवडे थेंब वेळच्या वेळी घालावे लागतात. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, चुलीच्या धुरापाशी बसायचं नाही, जड उचलायचं नाही आणि खाली वाकायचं नाही. म्हणजे पाण्याच्या पाळीला अव्वांनी नळाकडं जायचंच नाही, हे डॉक्टरांच्याच तोंडून त्यांना ऐकवा. तुमचं ऐकणार नाहीत, डॉक्टरांचं ऐकतील. थेंब घालायला दिवसातून तीन-चार वेळा कुणीतरी लागेल, त्याच्या वेळा मुलीला वाटून द्या, तिला आता तेलुगू येतंयच. तारीख शक्यतो सीझन उतरल्यावर घ्या, जुलैच्या सुमाराला. तुम्हालाही हात मोकळा मिळेल आणि डोळ्यात घामही जाणार नाही. तोवर त्यांना निळ्या शर्टांचेच गठ्ठे द्या.